आई, आरसा आणि वेताळ

पुस्तक वाचताना माणसाला रडू का येते, या प्रश्नाचा ऊहापोह आपल्या देशात हजार वर्षांहून अधिक काळ चालू आहे. ते कोणत्या पुस्तकात यावे, याविषयी मात्र आपण सारे अगदी निःशंक असतो. थोरामोठ्यांच्या पुस्तकात डोळे ओले झाले तर ती सहृदयता. जादूच्या गोष्टीत किंवा चित्रांच्या चोपड्यात झाले तर तो पोरकटपणा! मी शाळेत मराठी शिकवितो आणि जमतील तशा कादंबऱ्या लिहितो. तेव्हा या समजुतीचा प्रसार करणे हा माझा दुहेरी धंदाच म्हणायचा. तो मी वीस वर्षे इमानाने केला. गेल्या वर्षी माझ्या वर्गातल्या एका मुलाने त्यात खंड पाडला. त्याची ही हकीकत, आणि तिच्यामुळे सुचलेले काही विचार.

दरवर्षी डिसेंबरात, साने गुरुजींच्या जन्मदिवसाच्या सुमारास, मी सातवीच्या वर्गात ‘श्यामची आई’चा अखेरचा भाग वाचून दाखवितो. श्याम परगावी शिकत असतो. आईच्या दुखण्याने कोणते वळण घेतले आहे याची त्याला नीट कल्पना नसते. आणि तो घरी येऊन पोहोचतो तेव्हा आई राहिलेली नसते. इथे माझा आवाज हटकून कापतो. मुलींच्या बाकांवरून मुसमुसणे ऐकू येते, मुलगे खिडकीबाहेर पाहू लागतात, आणि तास संपल्यावर आपले काम चांगले झाले असे समाधान घेऊन मी शिक्षकांच्या खोलीत चहा घ्यायला जातो. गेल्या वर्षी माझा घसा बसला होता, म्हणून मी एका मुलाला वाचायला उभे केले. मुलगा वर्षाच्या मध्येच शाळेत आलेला, अबोल, पण वाचन स्वच्छ. त्याने तो सारा भाग रेल्वेचे वेळापत्रक वाचावे तसा वाचला. कुठे थांबला नाही, कुठे अडखळला नाही. वाचून झाल्यावर मी म्हणालो, ‘‘अरे, दगडाला पाझर फुटेल असा हा प्रसंग, आणि तुला काहीच कसे वाटत नाही?’’ तो म्हणाला, ‘‘वाटतं, सर,’’ आणि खाली बसला.

त्याच दिवशी चहा घेताना एका सहकारी बाईंकडून मला कळले, की त्याची आई त्याच पावसाळ्यात वारली होती. म्हणून तर तो मामांकडे राहायला आला होता.

त्या दिवशी मला चहा गेला नाही. पण माझ्या चुकीची खरी ओळख मला पुढे महिन्याभराने पटली. ग्रंथालयाच्या तासाला सगळी मुले पुस्तकांची अदलाबदल करीत होती, आणि हा मुलगा कपाटाआड जमिनीवर बसून एका जाड पुस्तकात डोके घालून होता. डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. पुसायचेही त्याला भान नव्हते. पुस्तक होते ‘हॅरी पॉटर आणि परीस’. मी शेजारी बसलो. काय बोलावे ते मला सुचेना. त्यानेच पान माझ्याकडे वळवले आणि म्हणाला, ‘‘सर, ती त्याला हात हलवते. पण बाहेर येत नाही.’’

ज्यांनी हे पुस्तक वाचलेले नाही त्यांच्यासाठी सांगतो. जे. के. रोलिंग या इंग्रज लेखिकेची ही कादंबरी १९९७ साली प्रसिद्ध झाली. तिचा नायक अकरा वर्षांचा पोरका मुलगा. जादूच्या शाळेत रात्री लपतछपत फिरताना त्याला एका रिकाम्या खोलीत एक जुना आरसा सापडतो. आरशात चेहरा दिसण्याऐवजी पाहणाऱ्याच्या अंतःकरणातली सर्वांत खोल इच्छा दिसते. ‘डिझायर’ म्हणजे इच्छा. हा शब्द उलटा करून लेखिकेने आरशाला ‘एरिसेड’ असे नाव दिले आहे. हॅरीला त्यात आपले मेलेले आईबाप दिसतात. आई हसते आहे, रडते आहे, हात हलविते आहे. तो वळून मागे पाहतो तर खोली रिकामी! दुसऱ्या रात्री तो मित्राला घेऊन येतो, तर मित्राला आरशात स्वतःचेच कोडकौतुक दिसते. तिसऱ्या रात्री शाळेचा वृद्ध मुख्याध्यापक तिथे बसलेला असतो. तो रागावत नाही. या आरशासमोर बसून माणसे झुरून गेली आहेत, एवढे तो सांगतो. आरसा आता दुसरीकडे हलविणार आहोत, तो शोधत येऊ नकोस, अशी समजूत घालतो. प्रकरण एवढेच आहे. ते मी त्या दिवशी तिथेच, त्या मुलाशेजारी बसून वाचले, आणि वीस वर्षे मुलांना मी काय सांगत आलो याचा विचार करू लागलो.

जी गोष्ट त्याच्या स्वतःच्या घरची होती, ती वाचताना हा मुलगा कोरडा राहिला. आणि उडत्या झाडूंच्या, बोलत्या चित्रांच्या राज्यात त्याला रडू फुटले. हे कसे?

आपल्या टीकेने अद्भुताला पहिल्यापासून करमणुकीच्या खात्यात टाकले आहे. मराठी कादंबरीच्या जन्मापाशीच दोन वाटा फुटलेल्या दिसतात. बाबा पदमनजींचे ‘यमुनापर्यटन’ १८५७ सालचे. त्यात विधवांची खरीखुरी दुःखे आहेत. लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची ‘मुक्तामाला’ १८६१ सालची. तिथून पुढे राजपुत्र, राजकन्या, भुयारे आणि योगायोग यांची रेलचेल सुरू झाली. १८६८ सालच्या ‘मंजुघोषे’च्या प्रस्तावनेत नारो सदाशिव रिसबूड यांनी तर सरळ कबुली दिली, की आपल्या लोकांच्या रोजच्या जीवनात मन रमविणारे असे काही नाही, म्हणून रंजक ग्रंथ लिहायचा तर अद्भुताकडे जाण्यावाचून गत्यंतर नाही. पुढे हरिभाऊ आपट्यांनी ‘करमणूक’ पत्रातून ‘पण लक्षात कोण घेतो!’ लिहून रोजच्याच जीवनात किती आग आहे ते दाखविले, आणि रिसबुडांना परस्पर उत्तर मिळाले. हरिभाऊंचे ऋण मोठेच आहे. पण त्या विजयाबरोबर एक चुकीचा हिशेबही आपल्या वहीत लिहिला गेला: वास्तव ते गंभीर, अद्भुत ते पोरखेळ. मुलांना शाळेत आपण याच हिशेबाने पुस्तके वाटतो.

या हिशेबापेक्षा आपले जुने साहित्यशास्त्र मला अधिक शहाणे वाटते. सुमारे हजार वर्षांपूर्वी काश्मिरात अभिनवगुप्ताने भरताच्या नाट्यशास्त्रावर टीका लिहिली. तीत रसाच्या आड येणारी सात विघ्ने त्याने सांगितली आहेत. पहिले विघ्न म्हणजे गोष्ट संभवनीयच न वाटणे. ‘असे कुठे घडते का?’ असे मनात आले की रस आटला. अद्भुत कथेवर आपण जो आक्षेप घेतो तो हाच. पण त्याच यादीत आणखी एक विघ्न आहे, त्याचे नाव ‘निजसुखादिविवशीभाव’. प्रेक्षक स्वतःच्याच सुखदुःखाने इतका घेरलेला असतो, की समोरच्या नाटकातले सुखदुःख त्याच्या मनात शिरायला जागाच उरत नाही. माझ्या वर्गात त्या दिवशी हेच विघ्न उभे होते, आणि मी त्याला दगड म्हणालो!

या विघ्नावर अभिनवगुप्ताने सांगितलेला उपाय तर फारच मार्मिक आहे. गाणे, वाद्ये, सजवलेला रंगमंडप, कुशल नटनटी: हा सारा थाट कशासाठी? तर घरचे ओझे डोक्यावर घेऊन आलेल्या माणसाला ते दाराशी उतरवून ठेवता यावे म्हणून. मला वाटते, जादूच्या कादंबरीत झाडू, किल्ले, मेजवान्या आणि घुबडे यांचे काम हेच असते. नाटक सुरू होण्यापूर्वी वाजणारे ते पडघम आहेत. मुलगा त्यांच्या नादाने आत गेला, घर विसरला, आणि घर विसरल्यानंतरच त्याला आपली आई पाहता आली. ‘श्यामची आई’त त्याला उतरून ठेवता येईल असे ओझे नव्हते, तिथे पहिल्या ओळीपासून त्याचे स्वतःचेच घर होते.

हा अनुभव मला नवा नव्हता, ही यातली शरमेची गोष्ट. मी नऊ वर्षांचा असताना माझे आजोबा गेले. घरात सुतक, आजी कोपऱ्यात बसलेली, आत्या येणाऱ्याजाणाऱ्यांपाशी तीच तीच हकीकत सांगत असलेल्या, आणि मी माळ्यावर काकांच्या जुन्या इंद्रजाल कॉमिक्सचा गठ्ठा सोडून बसलेला! एकदा आत्या वर आल्या आणि म्हणाल्या, ‘‘घरात माणूस गेलंय, आणि हा बघा, चित्रं बघत बसलाय!’’ मला स्वतःलाही तसेच वाटत होते, की आपण वाईट आहोत. कारण आजोबांसाठी मला एकदाही रडू आले नव्हते.

इंद्रजाल कॉमिक्स १९६४ साली सुरू झाले आणि १९९० साली बंद पडले. त्यातला राजा म्हणजे वेताळ. ‘चांदोबा’तल्या विक्रमाच्या खांद्यावरचा वेताळ निराळा. हा अंगाला घट्ट बसणारा पोशाख घातलेला, डोळ्यांवर मुखवटा आणि बोटात कवटीची अंगठी असलेला. ली फॉक या अमेरिकन लेखकाने १९३६ साली तो निर्माण केला. त्याच्या कथेचे मूळ असे, की चारशे वर्षांपूर्वी चाच्यांनी एका तरुणाच्या बापाला मारले. बापाच्या मारेकऱ्याच्या कवटीवर हात ठेवून त्या तरुणाने अन्यायाशी झगडण्याची शपथ घेतली. आणि तेव्हापासून बापामागून मुलगा तोच मुखवटा घालीत आला. जंगलातल्या लोकांना वाटते की वेताळ अमर आहे. खरे पाहता त्याच्या गुहेत आधीच्या वीस वेताळांची थडगी आहेत. हे रहस्य तिथे फारच थोड्यांना ठाऊक. पण माळ्यावर बसलेल्या मला ठाऊक!

एका पानावरची दोन चित्रे मला आजही दिसतात. पहिल्यात म्हातारा वेताळ अंथरुणावर पडलेला आहे आणि मुलगा त्याचा हात धरून बसला आहे. दुसऱ्यात मुलगा मुखवटा घालून कवटीवर शपथ घेतो आहे. दोन चौकटींच्या मध्ये बोटभर पांढरी पट्टी. चित्रकाराने तिथे काहीच काढलेले नव्हते. बाप केव्हा गेला, मुलगा किती रडला, त्याला खांदा कोणी दिला, हे सगळे त्या पांढऱ्या पट्टीत होते, आणि ते मी माझ्या मनाने भरले. भरताना मला खाली ओसरीवरची आजोबांची आरामखुर्ची आठवली. गुहेतले आसन दुसऱ्या दिवशी रिकामे राहत नव्हते. आमची खुर्ची चार दिवस रिकामी होती. तेव्हा कुठे मला रडू आले. चित्रकथांना उथळ म्हणणाऱ्यांनी या पांढऱ्या पट्टीचा विचार केलेला नसतो. कादंबरीकाराला जे लिहून दाखवावे लागते ते चित्रकथा वाचकाकडूनच करवून घेते, मग तो वाचक नऊ वर्षांचा का असेना!

याचा अर्थ सारी पुस्तके सारख्याच तोलाची, असे मात्र मला म्हणायचे नाही. टीकाकाराने रडण्याला मान द्यावा. पण रडणे ओसरल्यावर पुस्तक पुन्हा उघडून पाहावे. वेताळ मी आज पाहतो तेव्हा मनात दोन खडे बोचतात. आफ्रिकेसारख्या त्या अरण्यातल्या माणसांना पिढ्यान्‌पिढ्या गोराच रक्षणकर्ता का लागावा, हा पहिला. मूळ कथेतला ‘बंगाल’शी नाते सांगणारा देश आणि सिंग नावाचे चाचे आपल्याकडच्या प्रकाशकांनी बदलून ‘डेंकाली’ आणि ‘सिंगा’ केले, म्हणून आम्हा मुलांना तो खडा तेव्हा टोचला नाही, इतकेच. दुसरा खडा अधिक खोल आहे. वेताळाची कथा दुःखी मुलाला आसरा देते, पण त्याच्याशी थोडे खोटेही बोलते. गेलेल्याची जागा दुसऱ्या दिवशी भरते, असे ती सांगते. ती भरत नाही. आजोबांच्या खुर्चीवर पुढे काका बसू लागले, पण ते काकाच होते.

रोलिंगबाईंच्या आरशाचे मोल मला इथेच कळले. जादूच्या राज्यात आईला जिवंत करणे लेखिकेला काय कठीण होते? लेखणीचा एक फटकारा पुरे होता. तो तिने मारला नाही. आई दिसते, हात हलविते, बाहेर येत नाही. आणि वर आरसाही हलविला जातो. जी अद्भुत कथा मेलेल्यांना सर्रास उठवून बसविते ती वाचकाला भुलविते. जी सगळी जादू हाताशी असून तेवढे एक करायला नकार देते ती त्याला काही देऊन जाते. अद्भुताची प्रत ओळखायची माझी कसोटी आता हीच आहे. त्या मुलाने ती एका वाक्यात सांगितली होती: ‘‘पण बाहेर येत नाही.’’

पुढे या प्रकरणाचा शोध घेता मला एक गोष्ट कळली आणि मी चकित झालो. रोलिंगबाईंनी ही कादंबरी लिहायला घेतली १९९० साली. त्याच वर्षाच्या अखेरीस, डिसेंबरात, त्यांची आई दीर्घ आजाराने वारली. मुलगी असे काही लिहीत आहे हे आईला कळलेच नव्हते. त्यानंतर त्या इंग्रजी शिकविण्यासाठी पोर्तुगालात गेल्या आणि तिथल्या पहिल्या काही आठवड्यांत त्यांनी आरशाचे हे प्रकरण लिहिले. आता साने गुरुजींकडे पाहा. त्यांची आई १९१७ साली गेली. ‘श्यामची आई’ त्यांनी १९३३ सालच्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात अवघ्या काही दिवसांत लिहिली; पुस्तक १९३५ साली निघाले. म्हणजे एक पुस्तक आई गेल्यावर लवकरच परक्या देशात लिहिलेले, दुसरे सोळा वर्षांनी गजांआड लिहिलेले. दोन्ही लिहिणारे शिक्षक, आणि दोघांचाही मनातला संवाद आईशी. आपण मात्र एकाला अभिजात म्हणून चांगल्या कपाटात ठेवतो आणि दुसऱ्याला सुटीतली करमणूक म्हणून खालच्या फळीवर!

आणि गुरुजींनी तरी आईची गोष्ट सरळ सांगितली का? त्यांचे नाव पांडुरंग सदाशिव साने. पुस्तकात पांडुरंग नाही, श्याम आहे. तोही बाळ श्याम नव्हे, तर आश्रमात मित्रांना रात्रीमागून रात्र गोष्ट सांगणारा मोठा श्याम. साहित्याच्या आनंदाला न. चिं. केळकरांनी १९२१ साली बडोद्याच्या संमेलनात ‘सविकल्प समाधी’ म्हटले होते. वाचक दुसऱ्याच्या भूमिकेत शिरतो, पण आपण कोण याचे भान सोडीत नाही, असे त्यांचे म्हणणे. माझ्या मते लेखकालाही हीच समाधी लागते. पांडुरंगाला आपली आई पाहण्यासाठी श्याम नावाचा आरसा लागला. मग एका बारा वर्षांच्या मुलाला उडत्या झाडूंचा आरसा लागला तर त्यात नवल काय?

अभिजात पुस्तकाचे मोठेपण म्हणून मला निराळ्या ठिकाणी दिसते. ते आपल्याला लगेच रडविते यात ते नाही. ते आपली वाट पाहते, यात आहे. आईने बाळ श्यामच्या पायांना माती लागू नये म्हणून आपले ओले लुगडे पसरले, त्या प्रसंगाशी मी लहानपणी रडलो. आता मी चाळिशी ओलांडली आहे, घरात हप्त्यांची पुस्तके आहेत. आता मला श्यामचे वडील दिसतात. कर्जात बुडालेले, सावकाराच्या माणसाचे बोल आपल्याच घरात बायकोला ऐकावे लागताना पाहणारे. तीस वर्षे ते त्या पुस्तकात होते. मी त्यांच्याकडे पाहिले नव्हते. वेताळ मला नवव्या वर्षी जे देऊन गेला त्याहून अधिक त्याच्यापाशी आज काही नाही. श्यामच्या घरात मात्र प्रत्येक वयाला बसायला एक पाट आहे. पण त्या पाटावर कोणी कधी बसावे, हे शिक्षकाने ठरवायचे नसते.

त्या दिवशी ग्रंथालयात मी त्या मुलाची माफी मागितली. तो गोंधळला, मास्तरांनी माफी मागायची असते हे त्याला ठाऊक नव्हते. हॅरी पॉटरचे पुस्तक मी त्याच्याकडे महिनाभर राहू दिले. ‘श्यामची आई’चे नाव मी पुन्हा काढले नाही. एप्रिलमध्ये पुस्तके परत करायच्या दिवशी तो माझ्या टेबलाशी आला आणि त्याने दोन पुस्तके ठेवली. दुसरे ‘श्यामची आई’ होते. केव्हा नेले होते कोण जाणे. मी नोंदवहीत दोन्ही नावांवर रेघ मारली. काही विचारायचे नाही असे ठरविलेच होते. तो जायला निघाला, दारापाशी थांबला आणि म्हणाला, ‘‘सर, श्यामलापण उशीर झाला होता.’’

त्याच्या घरी त्या पावसाळ्यात काय घडले ते मी विचारले नाही, आणि आजही मला ठाऊक नाही. मात्र या दिवाळीत तुमच्या घरी फराळाच्या गडबडीत एखादे पोर कोपऱ्यात भुताखेतांचे किंवा चित्रांचे पुस्तक घेऊन बसलेले दिसले, तर ‘काहीतरी चांगले वाच’ असे म्हणण्यापूर्वी घटकाभर थांबा. चकलीची बशी शेजारी ठेवा आणि निघून या. ‘श्यामची आई’ कपाटात आहेच.